शिडी कोणी कोणाला बॉरो केली

एप्रिल लागला की आमच्या नागपुरात घरोघरी एकच गडबड असते, कूलर काढा, धुवा, जुनी खस फेका, नवी बसवा, पंप चालतो का बघा. कूलर ठेवलेला लॉफ्टवर, लॉफ्टला हात पोचत नाही, म्हणून शिडी लागते. आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये न डुगडुगता उभी राहणारी शिडी एकच आहे, ती माझी. सहा पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बर्डीवरून घेतलेली, स्कूटरवर मागे बसून आडवी धरून आणली होती आणि चौकात पोलिसाने थांबवलं होतं, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तर या वर्षी झालं असं की सकाळी साडेआठला बेल वाजली, गॅसवर दूध होतं, डबे भरायचे होते, बाहेरून कोणीतरी पोरगं म्हणालं, ‘काकू, शिडी देता का जरा?’ मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, ‘घेऊन जा बापा, दाराच्या मागे आहे.’ कोणाचं पोरगं, कोणत्या मजल्यावरचं, काही पाहिलं नाही. दूध मात्र उतू गेलंच. मग चार दिवस झाले, आठ दिवस झाले, शिडीचा पत्ता नाही आणि आमचा कूलर लॉफ्टवरच बसून. पारा बेचाळीसवर गेला तेव्हा माझा पण गेला आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

आमच्या ग्रुपची गंमत अशी की बिल्डिंगमध्ये मराठी, सिंधी, मारवाडी, तेलुगू सगळे आहेत, जिन्यात भेटले की सगळे फर्मास हिंदीत बोलतात, पण ग्रुपवर लिहायचं म्हटलं की प्रत्येकाला का कोण जाणे इंग्रजीच सुचतं. पाण्याचा टँकर आला तरी ‘काइंडली नोट’. म्हणून मी पण लिहिलं, ‘डिअर ऑल, आय हॅव बॉरोड माय लॅडर टु समवन. काइंडली रिटर्न.’

दोन मिनिटात दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नवीन आलेल्या मुलाचं उत्तर, ‘आंटी, इफ यू बॉरोड इट देन यू हॅव टु रिटर्न इट’ आणि पुढे ते डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे. खाली सेक्रेटरीसाहेब गंभीरपणे विचारून राहिले, ‘देन हूज लॅडर इज इट?’ नवऱ्याने पण वाचलं, तो ऑफिसातून फोन करून हसला. म्हणजे शिडी माझी, गेली माझी, आणि चोर मीच.

लेंट लिहायचं होतं. माहीत आहे मला. आत्ता विचाराल तर झोपेतून उठून सांगेन, बॉरो म्हणजे घेणे आणि लेंड म्हणजे देणे. पण घाईत लिहिताना दर वेळी उलटं होतं आणि हे माझं एकटीचं नाही, ऑफिसात अकाउंट्सला आम्ही सात जण आहोत, त्यातले चौघं तरी ‘सर प्लीज बॉरो मी युअर कॅल्क्युलेटर’ म्हणतात आणि सर देतात पण. त्या दिवशी ग्रुपवर लाज गेल्यावर मी ठरवलं की हे डोक्यात नेमकं कुठे अडकतं ते एकदा शोधायचंच.

आम्ही मराठी मिडियमवाले, नागपुरातल्या महाल भागातल्या शाळेतले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते सुरू झालं २००० साली, तोवर आम्ही सुटलो होतो. सरांनी फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले, बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे, आणि आम्ही ते जोडीनेच पाठ केले. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू झाला. जुळी पोरं एकाच रंगाचे कपडे घालून समोर आणली तर कोण कोणतं ते जन्मभर विसरायला होतं, तसं. बॉरो एकटा शिकवला असता आणि लेंड दिवाळीनंतर आणला असता तर बरं झालं असतं.

पण खरं कारण त्याच्याही खाली आहे. मराठीत बघा, शब्द एकच आहे, उसने. आमच्याकडे तर बहुतेक उधारच म्हणतात. दिशा सांगायचं काम त्या शब्दाचं नाहीच, ते काम पुढचं घे आणि दे करतं. उधार घेतले, उधार दिले. नागपुरी असेल तर उधार घेऊन घे, उधार देऊन दे, म्हणजे दिशा एकदा नाही दोनदा सांगितली, चुकायची सोयच नाही. इंग्रजीने काय केलं, उधार आणि घेणं दोन्ही वितळवून एकाच क्रियापदात ओतलं आणि त्याचं नाव बॉरो, उधार आणि देणं वितळवलं त्याचं नाव लेंड. आता माझ्या डोक्यात ‘उधार’ या खणात दोन्ही शब्द पडलेले आहेत, घाईत हात घातला की जो वर असेल तो येतो. बॉरो बहुतेक वर असतो, कारण शाळेत पहिला तोच शिकलो.

आणि अजून एक. पेन हवा असेल तर आपण काय म्हणतो? ‘पेन दे ना.’ जवळचा असेल तर ‘पेन दे ना बे.’ कोणी मराठी माणूस ‘मी तुझा पेन घेऊ शकतो का’ असं विचारत नाही, विचारलं तर समोरचा बघत राहील की याला झालं काय. आपण मागतो ते बहुतेक देणाऱ्याच्या बाजूने मागतो, तू दे. इंग्रजीत मात्र दोन्ही रस्ते उघडे आहेत, ‘कॅन आय बॉरो युअर पेन’ म्हणजे मी घेऊ का, आणि ‘कॅन यू लेंड मी युअर पेन’ म्हणजे तू देतोस का. पेन तोच, हात तेच, फक्त वाक्य कोणापासून सुरू झालं ते वेगळं. आपण डोक्यात ‘तू मला दे’ जुळवतो म्हणून ‘यू’ आणि ‘मी’ बरोबर येतात, आणि मधे क्रियापद पडतं बॉरो. कॅन यू बॉरो मी. झालं.

यावर मला एकच गोष्ट कामी आली ती म्हणजे क्रियापद सोडून शेपटाकडे बघायचं. बॉरो असेल तर फ्रॉम, म्हणजे कोणाकडून. लेंड असेल तर टु, म्हणजे कोणाला. माझ्या त्या मेसेजमध्ये ‘टु समवन’ बरोबर होतं बघा, म्हणजे अर्धं डोकं ठीक चालू होतं, अर्धं दुधासारखं उतू गेलं. आणि हो, लेंडचा भूतकाळ लेंट, ‘लेंडेड’ नाही, सेंड-सेंट सारखं. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाला शेवटी ड नव्हताच, लोन शब्दाच्याच गोतातला तो, ड नंतर भूतकाळाच्या रूपातून मागे सरकत येऊन मूळ शब्दाला चिकटला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोक चुकले आणि शेवटी चूक हेच बरोबर ठरलं. आम्ही एकदा चुकलो तर चार हसणारे चेहरे.

बॉरोचं मूळ त्याहून मजेदार आहे, त्याच्या मागे जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ तारण किंवा जामीन. म्हणजे आधी कोणीतरी हमी द्यायची मग वस्तू हलायची. मी त्या पोराकडून जामीन घेतला असता तर ही वेळ आली नसती.

थोडं वाचल्यावर कळलं की यात जर्मन लोक आपल्याच पंगतीत बसतात. त्यांच्याकडे लाइहेन म्हणून क्रियापद आहे ते घेणं आणि देणं दोन्हीला चालतं, बोर्गेन पण तसंच, कोणाला आणि कोणाकडून ते बाकीच्या वाक्यावरून समजायचं. त्यामुळे अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे जिथे जर्मन आणि नॉर्वेवाले जाऊन राहिले तिथे अजून लोकांच्या तोंडी ‘बॉरो मी अ पेन्सिल’ येतं. हे वाचून मला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. नवऱ्याला लगेच फोन केला, म्हटलं मी विस्कॉन्सिनची इंग्लिश बोलून राहिले. तो म्हणे आधी शिडी शोध.

आता लक्षात कसं ठेवायचं, तर विदर्भातल्या माणसाला एक शब्द जन्मतः माहीत असतो, सावकार. सावकाराला इंग्रजीत काय म्हणतात, मनीलेंडर. सरकारचा कायदा पण तसाच, मराठीत सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आणि इंग्रजी नावात मनी-लेंडिंग. सावकार काय करतो, देतो. म्हणजे लेंड म्हणजे देणं, विषय संपला. आणि बॉरोसाठी मला वेगळं काही लागत नाही, फ्लॅटच्या लोनचे कागद कपाटात आहेत, त्यात पानापानावर नवरा बॉरोअर आणि मी को-बॉरोअर, बँकेत बसून इतक्या सह्या केल्या की शेवटी माझी सही माझीच वाटेना. वीस वर्षांचं लोन आहे, घेणारे आम्ही. आमच्या या लोनच्या व्याजाचा दर ज्याच्यावर ठरतो ते एमसीएलआर, त्यातला एल म्हणजे लेंडिंग, कारण तो देणाऱ्याचा दर आहे. हे सगळं मला माहीत असून मी शिडी बॉरो केली.

पण इथपर्यंत आल्यावर मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडलं. आपण म्हणतो इंग्रजीने दोन शब्द केले, मराठीत एकच. पण खरंच एकच आहे का? शिडीला कोणी उसनी म्हणतं का? साखर उसनी असते, तांदूळ उसने, पैसे हातउसने. शिडी, मिक्सरचं भांडं, लग्नात घालायला जाऊबाईंची पैठणी हे सगळं मागून आणलेलं. पुस्तक वाचायला दिलेलं. गाडी चालवायला दिलेली, खरं तर ‘नेलेली’. किराणा आणला तो उधार, म्हणजे साखर परत करायची नाही, पैसे नंतर द्यायचे. बँकेतून आणलं ते कर्ज. घर किरायाने. पुण्याचे लोक भाड्याने म्हणतात, आमच्याकडे किरायाच.

म्हणजे इंग्रजीला काळजी एकच, कोण देतंय आणि कोण घेतंय. मराठीला ती काळजीच नाही, ते घे-दे बघून घेईल. मराठीला पडलंय की वस्तू कोणती आणि परत काय यायचंय, तीच वस्तू की तिच्यासारखी दुसरी की पैसे की पैशावर व्याज.

हे मी भाऊजींना सांगितलं, माझे दीर वकील आहेत, इथे हायकोर्टाच्या खंडपीठात, त्यांना कायद्याचं काही बोललं की जेवण गोड लागतं. ते म्हणाले वहिनी, तुम्ही हे जे सांगून राहिल्या ना ते रोमन लोकांनी केव्हाच केलंय, त्यांच्या कायद्यात दोन वेगळे प्रकार होते, धान्य किंवा पैसा असं वापरून संपणारं दिलं तर ते म्युटुअम, त्यात तेवढंच आणि तसंच परत करायचं, आणि तीच वस्तू जशीच्या तशी परत हवी असेल तर ते कोमोडाटुम. म्हणजे साखर म्युटुअम, शिडी कोमोडाटुम. मी म्हटलं, बघा, रोमन लोकांना लॅटिन लागलं, आमच्या आजीला ‘उसनं’ आणि ‘मागून आणलं’ पुरलं.

पण मग विरजण काय, हे कोणी सांगा. समोरच्या काकूंची मुलगी महिन्यातून दोनदा कटोरी घेऊन येते, ‘काकू, आईने विरजण मागितलंय.’ चमचाभर दही. ते परत करायचं नसतं, कोणी करतही नाही, आणि तरी ते फुकट दिलेलंही नसतं, कारण पुढच्या आठवड्यात माझं दही संपलं की मी त्यांच्याकडे कटोरी पाठवते आणि त्यांच्या घरून जे येतं ते बहुतेक माझ्याच दह्याचं नातवंड असतं. हे बॉरो नाही, लेंड नाही, उसनं पण नाही. इंग्रजीत ‘बॉरो अ कप ऑफ शुगर’ म्हणतात म्हणे, साखर खाऊन टाकली तरी बॉरोच, तेव्हा विरजणालाही ते बॉरोच म्हणतील, पण मला ते पटत नाही.

आणि इंग्रजीची दिशेची शिस्त पण सगळीकडे नाही बरं का. रेंट घ्या. किरायाने घेणारा पण रेंट करतो आणि देणारा पण रेंट करतो. माझ्या मैत्रिणीने स्टेटसला टाकलं, ‘रेंटेड अ फ्लॅट इन मनीषनगर’, मी लगेच फोन केला की अगं धरमपेठचं घर सोडलं की काय, एवढं मोठं अंगण, ती म्हणे नाही गं, आमचा तिकडचा फ्लॅट दिला, किरायदार आले. मग रेंटेड आऊट लिही ना बाई! ते आऊट लावलं की देणारा कळतो. आणि देण्यासाठी इंग्लंडवाल्यांचा लेट शब्द आहेच, आपल्याकडे गेटागेटावर लटकलेल्या ‘टु लेट’ पाट्या त्याच्याच, ज्यात लहानपणी आम्ही खडूने मधे आय काढून टॉयलेट करायचो. एका पाटीखाली घरमालकाने मार बसेल अशी सूचना हाताने लिहून ठेवली होती, तीही मराठीत.

एक गोष्ट मात्र जपायची, बॉरो त्याच वस्तूला म्हणायचं जी उचलून नेता येते. कोणाच्या घरी ‘कॅन आय बॉरो युअर टॉयलेट’ म्हटलं तर तो माणूस हातोडी शोधेल. तिथे यूज. आणि लेंडच्या पोटात अशाही वस्तू बसतात ज्या परत द्यायच्याच नसतात, लेंड अ हँड म्हणजे आपलं ‘जरा हात लाव’, लेंड ॲन इअर म्हणजे कान देणे. आपल्याकडे उलटा प्रकार आहे, उसनं अवसान. ते कोणाकडून आणलं हे कोणी विचारत नाही आणि परत कधी करणार हेही नाही. मी ग्रुपवर मेसेज टाकताना आणलं होतं तेच.

हे सगळं माझं डोक्यात चालू असताना लेक वजाबाकी करत बसली होती, इंग्लिश मिडियमची आहे ती. ५२ वजा १७. आम्ही याला हातच्याची वजाबाकी म्हणायचो, ती म्हणते बॉरो. दोनातून सात जात नाहीत म्हणून पाचाकडून एक दशक बॉरो करायचा, दोनाचे झाले बारा, पाचाचे राहिले चार, उत्तर ३५. बरोबर आलं. मग पेन्सिल तोंडात घालून म्हणाली, ‘आई, पण दोनने तो परत कधी केला?’ मी म्हटलं नाही करत. ‘मग ते बॉरो कसं? ते तर घेऊनच टाकलं.’ मी तिच्याकडे बघत राहिले. शिडीसारखंच झालं की पाचाचं.

शब्दांचं पण तेच असतं, भाषावाले म्हणतात अमक्या भाषेने तमक्या भाषेकडून शब्द बॉरो केला, मराठीत उसना शब्द. कोणी कधी परत केलाय? आपण पगार पोर्तुगीजांकडून घेतला, चावी पण त्यांचीच, कर्ज आणि किराया अरबी-फारसीतून आले, आता मागितले तर पगार तरी आपण देणार नाही. इंग्रजांनी आपलं मुंगूस नेलं, मंगूज म्हणून अजून डिक्शनरीत बांधून ठेवलंय. आपलं आपल्याकडे आहेच म्हणा, देणाऱ्याचं काही कमी होत नाही यात. शिडीचं होतं.

तर शिडी. ग्रुपवर हसून झाल्यावर सगळे विसरले, मी नवीन शिडी बघायला इतवारीत जायचं ठरवलं होतं. रविवारी सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तर शिडी दाराशी उभी. पायऱ्यांमध्ये खसाच्या काड्या अडकलेल्या, एक रबरी बूट गेलेला, आणि सगळ्यात वरच्या पायरीला पिशवी टांगलेली, त्यात दहा-बारा कैऱ्या, देठाला चीक तसाच. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत तसं शिडीचंही केलं होतं कोणीतरी.

आत आले तर ग्रुपवर मेसेज होता, चौथ्या मजल्यावरच्या मावशींचा, ज्या मला वाटतं पहिल्यांदाच तिथे काही लिहीत होत्या. ‘थँक यू फॉर बॉरोइंग मी लॅडर. सॉरी फॉर लेट. मँगो फ्रॉम अवर गाव काटोल.’

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा टायपिंग दिसून राहिला होता. मी त्याच्या आधी घाईघाईने अंगठा टाकला, आणि दोन कैऱ्या त्याच्याकडे पाठवून दिल्या.